शेवटचा शॉट कुणी घ्यायचा?

३१ मे २०१८. एनबीए या बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना, गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या घरच्या मैदानावर. ४.७ सेकंद बाकी, क्लीव्हलंड एका गुणाने मागे आणि त्यांचा जॉर्ज हिल फ्री थ्रोच्या रेषेवर. पहिला चेंडू आत गेला, १०७-१०७ अशी बरोबरी झाली. दुसरा रिंगला लागून बाहेर आला आणि थेट क्लीव्हलंडच्याच जे. आर. स्मिथच्या हातात पडला, अगदी बास्केटजवळ. वर बघून चेंडू टाकायचा, किंवा निदान टाइमआउट मागायचा. संघाकडे एक टाइमआउट शिल्लक होता. स्मिथ मात्र चेंडू घेऊन उलट्या दिशेने, मैदानाच्या मध्याकडे पळत सुटला. त्या दिवशी ५१ गुण केलेला लेब्रॉन जेम्स हात पसरून त्याला बास्केट दाखवत राहिला. वेळ संपली, जादा वेळेत क्लीव्हलंड ११४-१२४ असं हरलं. स्मिथला आपण पुढे आहोत असं वाटलं, असं कोच टायरन लू म्हणाला. स्मिथ म्हणाला, बरोबरी झाल्याचं मला ठाऊक होतं, टाइमआउट घेतला जाईल असं वाटलं.

खरं काय ते असो. शेवटचा शॉट कुणी घ्यायचा ही चर्चा सुरू होण्याआधी पाचही खेळाडूंना चार गोष्टी माहीत असाव्या लागतात: गुण किती, सेकंद किती, टाइमआउट किती आणि फाउल किती. आपण प्रेक्षक मात्र थेट नावाकडे जातो. जॉर्डनला द्या, करीला द्या. कोचच्या डोक्यात नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी घड्याळ, मग चेंडू आत कोण टाकणार, मग तो कुणाच्या हातात जाणार, आणि त्याने कोणत्या क्रमाने काय बघायचं. माझं स्वतःचं मत असं की शेवटचा शॉट मारायला कोण योग्य यापेक्षा शेवटचा निर्णय घ्यायला कोण योग्य, हेच ठरवण्यासारखं असतं. शॉट कुणाचा, हे पुष्कळदा त्यातून आपोआप निघतं.

सुरुवात बरोबरीच्या हिशेबापासून करू, कारण बरोबरीतला शेवटचा शॉट आणि एका गुणाने मागे असतानाचा शेवटचा शॉट यांत मोठा फरक आहे. समजा, शॉट आत जाण्याची शक्यता शंभरात चाळीस. एकाने मागे असाल तर चाळीस वेळा जिंकाल, साठ वेळा खेळ खलास. बरोबरीत मात्र हुकलेल्या त्या साठ वेळांनंतर पाच मिनिटांचा जादा वेळ मिळतो. दोन्ही संघ तुल्यबळ धरले, तर त्यातले तीस सामने तुमचे. चाळीस आणि तीस, सत्तर. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण मुद्दा पक्का आहे: बरोबरीत चेंडू तुमच्या हातात असेल तर पारडं आधीच तुमच्याकडे झुकलेलं असतं. हुकला तरी तुम्ही हरत नाही.

फक्त त्याला एक अट आहे. तुमच्या शॉटनंतर समोरच्यांना वेळ उरता कामा नये. सहा सेकंद शिल्लक ठेवून शॉट मारला आणि तो हुकला, की तोच सत्तरचा हिशेब तुमच्यावर उलटायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे हातातून चेंडू निसटणं, कारण मग समोरचे मोकळ्या मैदानात धावत सुटतात. म्हणून बरोबरीत कोचची पहिली सूचना अशी असते की शॉट आपला व्हायलाच हवा आणि तो शेवटचा असायला हवा. चांगला शॉट हवा, हे त्यानंतर येतं.

इथे शॉट क्लॉक मध्ये येतं. हल्ला सुरू झाल्यापासून २४ सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे, हा नियम एनबीएत १९५४ साली आला. सिरॅक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोन याने हिशेब मांडला होता: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार चोवीस. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही आता चोवीसच सेकंद आहेत. सामन्याच्या घड्याळात चोवीसपेक्षा कमी उरले असतील तर चेंडू धरून बसता येतं. जास्त उरले असतील, तर शॉट मारल्यावर समोरच्यांना काही ना काही मिळणारच. पस्तीसेक सेकंद उरले असताना काही संघ मुद्दाम घाई करून शॉट मारतात, म्हणजे समोरच्यांनी त्यांचे चोवीस सेकंद पुरेपूर वापरले तरी शेवटची संधी आपल्याकडे परत येते.

चोवीसच्या आतली वेळ असेल तर नेहमीचं चित्र असं: गार्ड मध्यरेषेजवळ चेंडू टप्पे देत उभा, नजर घड्याळावर. सात-आठ सेकंद उरले की हालचाल सुरू. कोच हा आकडा आधीच ठरवून देतो. फार लवकर निघालात तर समोरच्यांना वेळ उरतो. फार उशिरा निघालात आणि पहिली वाट बंद झाली, तर दुसरी शोधायला सवड राहत नाही. एक-दोन सेकंद शिल्लक असताना चेंडू हातातून सुटावा, म्हणजे हुकलाच तर एखाद्या उंच गड्याला तो हवेतच परत ढकलता येतो आणि समोरच्यांना त्यातून फारसं काही करता येत नाही. वेळ संपल्याचा भोंगा वाजण्याआधी चेंडू हातातून सुटला असला की पुरे. तो हवेत असताना वेळ संपली तरी बास्केट धरली जाते.

आता फाउल. बरोबरीत जिंकायला एकच गुण पुरतो. तीन गुणांचा शॉट दोनपेक्षा जास्त देतो, पण तो जास्तीचा गुण इथे बिनकामाचा आहे. म्हणून कागदावर उत्तम मार्ग म्हणजे बास्केटकडे घुसणं: जवळचा शॉट मिळाला तर ठीक, नाही तर फाउल आणि दोन फ्री थ्रो. त्यामुळे चेंडू ज्याच्या हातात द्यायचा त्याचे फ्री थ्रो पक्के हवेत. बास्केटजवळ धुमाकूळ घालणारा, पण रेषेवर दोनातला एक हुकवणारा गडी शेवटच्या क्षणी बाकावर बसतो तो याच कारणाने.

समोरच्यांकडे 'द्यायला फाउल' शिल्लक आहे का, हेही बघावं लागतं. आंतरराष्ट्रीय नियमांत क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. एनबीएत पाचव्यापासून, किंवा शेवटच्या दोन मिनिटांतल्या दुसऱ्या फाउलपासून. त्यांच्या खात्यात एक फाउल उरला असेल, तर तुमचा गार्ड सहा सेकंद असताना निघाला की ते मुद्दाम त्याला धरतील. शॉट नव्हता म्हणून फ्री थ्रो नाही, चेंडू पुन्हा बाहेरून आत टाकायचा आणि घड्याळात चारच सेकंद. तुमची सगळी आखणी मोडली. अनुभवी कोच म्हणून दोन डाव आखून ठेवतो: एक आठ सेकंदांचा, दुसरा तीनचा.

इथवर आलं की नावाचा प्रश्न सुरू होतो, आणि त्याचं उत्तर उरलेल्या सेकंदांवर बदलतं. १५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये निक्स आणि शिकागो बुल्स १०६-१०६ असे बरोबरीत होते, घड्याळात ०.१ सेकंद. निक्सच्या ट्रेंट टकरने बाहेरून आलेला चेंडू झेलला, वळला, तीन गुणांचा शॉट मारला आणि सामना जिंकला. एका सेकंदाच्या दहाव्या भागात हे कुणालाच जमणार नाही, घड्याळ उशिरा सुरू झालं, असा बुल्सचा आक्षेप होता. निकाल बदलला नाही, नियम मात्र बदलला. तेव्हापासून ०.३ सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर चेंडू झेलून शॉट मारता येत नाही, हवेतच ढकलावा किंवा वरून आत टाकावा लागतो. म्हणजे तिथे नेमबाजाचं काम संपलं. उंच उडी मारणारा हवा आणि त्याच्या हातात अचूक चेंडू टाकणारा हवा.

दोन सेकंदांच्या आसपास वेळ असेल तर एखादाच टप्पा देता येतो, तोही जेमतेम. झेलायचं, वळायचं, मारायचं. समोरचा हात वर करून अंगावर असणारच, तेव्हा त्याच्या डोक्यावरून मारता येईल असा उंच नेमबाज लागतो. आणि चांगला पास म्हणजे अर्धा शॉटच ठरतो. हे सगळं नीट समजावणारा प्रसंग बास्केटबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या भांडणांपैकी एक आहे.

१३ मे १९९४, शिकागो. बुल्स विरुद्ध निक्स, ईस्टर्न विभागाच्या उपांत्य फेरीतला तिसरा सामना. मायकेल जॉर्डन त्या वर्षी बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला गेला होता, आणि त्याच्यामागे संघाचा भार स्कॉटी पिपेनने पेलला होता. हंगामात सामन्यामागे २२ गुण, संघात सर्वांत जास्त. बुल्स मालिकेत ०-२ ने मागे होते. या सामन्यात हाताशी आलेली मोठी आघाडी त्यांनी गमावली होती. आणि निक्सच्या पॅट्रिक यूइंगने बास्केट करून १०२-१०२ अशी बरोबरी साधली होती. घड्याळात १.८ सेकंद. बुल्सचा कोच फिल जॅक्सनने टाइमआउटमध्ये डाव सांगितला: चेंडू बाहेरून आत टाकेल पिपेन, शॉट मारेल टोनी कुकोच.

कुकोच क्रोएशियाचा, एनबीएत पहिलंच वर्ष. उंची सहा फूट दहा इंचांच्या घरात, डावखुरा आणि थंड डोक्याचा. त्या हंगामात त्याने आधीही शेवटच्या क्षणी सामने जिंकून दिले होते. पिपेनला हा निर्णय अपमान वाटला. वर्षभर संघ आपण ओढला, आणि शॉट मात्र नवख्याला? तो बाकावर बसून राहिला, मैदानात गेलाच नाही. त्याच्याऐवजी पीट मायर्सने चेंडू आत टाकला. कुकोचने निक्सच्या अँथनी मेसनच्या हातावरून वळून शॉट मारला आणि बुल्स १०४-१०२ असे जिंकले. नंतर ड्रेसिंग रूममध्ये बिल कार्टराइट हा ज्येष्ठ खेळाडू सगळ्यांसमोर पिपेनला बोलला आणि बोलताना रडला. मालिका शेवटी निक्सनेच सातव्या सामन्यात जिंकली.

पिपेनचं चुकलं, यावर फारसं दुमत नाही. पण डाव बरोबर होता का, हे वेगळं बघायला हवं. १.८ सेकंदांत पिपेनचं सगळ्यात मोठं बळ, म्हणजे चेंडू घेऊन दोन-तीन टप्प्यांत बचाव फोडणं, वापरताच येत नव्हतं. शिवाय संघात त्याच्याइतकं चांगलं पास देणारा दुसरा नव्हता. कुकोचकडे उंची होती आणि झेलता झेलता वळून मारण्याचं तंत्र होतं. म्हणजे जॅक्सनने आपल्या सर्वोत्तम खेळाडूला खाली बसवलं नव्हतं, त्याला सगळ्यात अवघड काम दिलं होतं. घड्याळात आठ सेकंद असते तर हाच डाव चुकीचा ठरला असता आणि चेंडू पिपेनच्याच हातात असायला हवा होता. पिपेनने डावात आपलं नाव कुठे आहे ते पाहिलं. जॅक्सनने घड्याळ पाहिलं. माझ्या मते जॅक्सनचं एकच चुकलं: असा निर्णय पहिल्यांदा ऐकवण्याची वेळ सामन्यातला शेवटचा टाइमआउट ही नसते. कुणी कधी काय करायचं हे सरावातच ठरलेलं असलं, तर टाइमआउटच्या मिनिटभरात मानापमानाला जागा राहत नाही.

तीन वर्षांनी त्याच जॅक्सनच्या संघाने याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. १३ जून १९९७, अंतिम मालिकेचा सहावा सामना, शिकागोतच. समोर यूटा जॅझ, ८६-८६, आणि २८ सेकंद बाकी असताना टाइमआउट. आता जॉर्डन परतला होता आणि त्या सामन्यात ३९ गुण करणार होता. चेंडू त्याच्याकडेच जाणार हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. टाइमआउटमध्ये जॉर्डनने सहकारी स्टीव्ह करला बजावलं की यूटाचा जॉन स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर येईल, तयार राहा. करने मान डोलावली. झालंही तसंच. जॉर्डनने चेंडू घेतला, ब्रायन रसेल अंगावर होताच, स्टॉकटनही धावून आला. जॉर्डनने मोकळ्या झालेल्या करकडे पास दिला आणि करने फ्री थ्रोच्या रेषेच्या जरा मागून शॉट मारला. ८८-८६.

इथे डाव कुणाच्या नावाचा होता? जॉर्डनच्या. शॉट कुणाचा? करचा. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. जॉर्डनच्या हातात चेंडू देण्याचा अर्थ दोन डिफेंडर त्याच्याकडे ओढले जाणार असा होता, आणि दोघे एकावर गेले की चारांवर तिघेच उरतात. मग लागतो पास देण्याचा मोठेपणा आणि पास मिळाल्यावर न डगमगता मारणारा माणूस. नंतर विजयाच्या जाहीर सभेत करने धमाल केली. जॅक्सनने शॉट जॉर्डनला दिला होता, पण मायकेलला अशा प्रसंगी जरा अवघडल्यासारखं होतं, म्हणून मलाच त्याची सुटका करावी लागली, अशी कथा त्याने रचून सांगितली. सभा हसून लोटपोट झाली.

या सामन्यातली एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २८ सेकंद आणि शॉट क्लॉक चोवीसचं. म्हणजे बुल्सने कितीही ताणलं तरी यूटाला चारेक सेकंद मिळणारच होते. करचा शॉट पडला तेव्हा पाच सेकंद उरले होते. त्यामुळे शॉट आत गेला तरी काम संपलं नव्हतं. यूटाने चेंडू बाहेरून आत टाकताच पिपेनने मध्ये हात घालून तो पळवला, कुकोचकडे लोटला आणि कुकोचने डंक करून ९०-८६ केलं. शेवटचा शॉट आखताना त्यानंतरचे चार सेकंदही आखावे लागतात. शॉट सुटताच मागे कोण धावणार हे ठरलेलं नसेल तर जिंकलेला सामना हातचा जातो.

कबड्डीत बरोबरी असताना शेवटच्या चढाईला कुणाला पाठवायचं हा असाच पेच असतो, पण तिथे चढाई करणारा एकटा आत जातो. इथे पाच जण असतात, आणि पाचवा, म्हणजे बाहेरून चेंडू टाकणारा, बहुतेकदा प्रेक्षकांच्या आणि समोरच्या संघाच्याही नजरेतून सुटतो.

४ एप्रिल २०१६, ह्यूस्टन. अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना, व्हिलानोव्हा विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना. नॉर्थ कॅरोलिनाच्या मार्कस पेजने अवघड तीन गुण करून ७४-७४ अशी बरोबरी केली. ४.७ सेकंद बाकी. एनबीएत अशा वेळी टाइमआउट घेतला की चेंडू पुढच्या अर्ध्यात न्यायची मुभा असते, पुरुषांच्या कॉलेज खेळात नसते. म्हणजे व्हिलानोव्हाला आपल्याच बास्केटखालून निघून सगळं मैदान पार करायचं होतं. टाइमआउट संपत असताना त्यांचा उंच गडी डॅनियल ओचेफू मॉप घेऊन जमीन पुसत होता. जिथे त्याला स्क्रीन लावायची, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहायचं होतं, नेमकी तीच जागा ओली होती, आणि तिथे पाय घसरला तर सगळा डाव गेला असता. शेवटच्या शॉटची तयारी म्हणजे काय हे मला विचाराल तर मी हे चित्र दाखवीन.

कोच जे राइटच्या संघाने हा डाव सरावात असंख्य वेळा खेळलेला होता. क्रिस जेंकिन्सने चेंडू आत टाकला रायन आर्चिडियाकोनोकडे. तो शेवटच्या वर्षाचा गार्ड, चार वर्षं संघ चालवलेला. त्याने मैदान कापलं, ओचेफूच्या स्क्रीनला वळसा घातला. समोर जागा मिळाली तर स्वतः मारायचं, डिफेंडर बंद करायला आला तर मोकळ्याला द्यायचं, हा निर्णय पूर्णपणे त्याचा होता. आणि चेंडू टाकून झाल्यावर जेंकिन्स मागोमाग धावत आला होता, कुणाचं लक्ष नसलेला, हाका मारत. आर्चिडियाकोनोने पास दिला, जेंकिन्सने धावतच पाय जुळवले आणि तीन गुणांचा शॉट मारला. चेंडू हवेत असताना वेळ संपली. ७७-७४.

चेंडू आत टाकणाऱ्यावर पहारा ठेवायचा की नाही, हा बचाव करणाऱ्यांपुढचा कायमचा प्रश्न. ठेवला तर पास अवघड होतो, पण आत चारांवर चारच उरतात. न ठेवला तर आत एक जास्तीचा मिळतो. १९९२ साली ड्यूकच्या ग्रँट हिलला केंटकीने असाच मोकळा सोडला. त्याने २.१ सेकंद बाकी असताना जवळजवळ सगळ्या मैदानावरून चेंडू ख्रिश्चन लेटनरकडे फेकला आणि लेटनरने सामना जिंकून दिला. तो शॉट बरोबरीतला नव्हता, ड्यूक एका गुणाने मागे होतं, म्हणून इथे एवढंच पुरे.

आता सगळी आखणी कोसळते तेव्हा काय होतं ते. १९८३, पुन्हा कॉलेजचाच अंतिम सामना, नॉर्थ कॅरोलिना स्टेट विरुद्ध ह्यूस्टन, ५२-५२. त्या काळी या स्पर्धेत शॉट क्लॉक नव्हतं, त्यामुळे जिम व्हालव्हानोच्या संघाने शेवटच्या शॉटसाठी चेंडू धरून ठेवला. ह्यूस्टनने शेवटच्या क्षणी चेंडू जवळजवळ हिसकावलाच होता. डेरेक व्हिटनबर्गने तो कसाबसा सावरला आणि तीसेक फुटांवरून भिरकावला. चेंडू रिंगलासुद्धा लागत नव्हता. बास्केटखाली उभ्या लॉरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून आत दाबला. ५४-५२. चार्ल्सचं नाव कुठल्याच आखणीत नव्हतं. पण तो शॉट बघत उभा राहिला नाही, आपल्या जागी होता. बरोबरीत हुकलेला शॉट म्हणजे पराभव नसतो, त्यामुळे दोन गडी रिबाउंडला पाठवणं परवडतं. बाकीचे मात्र मागे हवेत.

हे सगळं वाचून वाटेल की एकाच स्टारच्या हातात चेंडू देऊन बाकीच्यांनी बघत राहणं हा मूर्खपणा. बहुतांशी आहेच. चौघे जागच्या जागी, पाचवा टप्पे देतोय, बचावाला नेमकं कुणाला धरायचं ते ठाऊक, आणि शेवटी अंगावर डिफेंडर घेऊन वाकडातिकडा शॉट. अशा शॉटपैकी आत गेलेलेच आपल्या लक्षात राहतात. तरीही दोन उदाहरणं माझ्या म्हणण्याविरुद्ध जातात आणि ती सोडून देता येत नाहीत. दोन्ही २०१९ मधली, दोन्ही बरोबरीतली.

२३ एप्रिलला पोर्टलंडच्या डेमियन लिलार्डने ११५-११५ असताना ३७ फुटांवरून, पॉल जॉर्जच्या समोर, ना स्क्रीन ना पास, थेट तीन गुण मारून ओक्लाहोमा सिटीचं आव्हान संपवलं. जॉर्ज नंतर म्हणाला की तो वाईट शॉट होता. वर मांडलेल्या हिशेबाने तो बरोबरच बोलत होता. पण लिलार्ड इतक्या लांबून नेहमी मारत असे. त्या दिवशी त्याने ५० गुण केले. आणि एवढ्या लांब दुसरा डिफेंडर धावून येणार नव्हता, चेंडू हिसकावला जाण्याची भीतीही कमी होती. शॉट आपला आणि शेवटचा, ही बरोबरीतली पहिली अट त्याने पुरी केली होती.

१२ मे रोजी टोरंटोत मालिकेचा सातवा सामना, फिलाडेल्फियाविरुद्ध ९०-९०, ४.२ सेकंद. टोरंटोच्या मार्क गसोलने चेंडू आत टाकला, कवाय लेनर्डने तो घेऊन उजव्या कोपऱ्याकडे धाव घेतली आणि सात फुटांच्या जोएल एम्बीडच्या हातावरून उंच शॉट मारला. चेंडू रिंगवर चार वेळा आपटून आत पडला. ९२-९०. सातव्या सामन्याचा निकाल वेळ संपताना पडलेल्या बास्केटने लागण्याची एनबीएच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. लेनर्डचा हा सामन्यातला एकोणचाळिसावा शॉट होता आणि आधीचे तेवीस हुकले होते. तरी निर्णय बरोबर, कारण चार सेकंदांत गर्दीतून वाट काढत चेंडू न गमावता कुणाच्याही डोक्यावरून मारू शकेल असा त्या संघात तोच होता. आणि हुकला असता तरी पाच मिनिटं मिळणारच होती.

आपल्याकडे ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या डोममध्ये एनबीएचा सामना झाला तेव्हा हजारो शाळकरी मुलांसमोर इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्जचा निकाल जादा वेळेत, १३२-१३१ असा लागला. शाळा-कॉलेजच्या आपल्या सामन्यांत असा प्रसंग अनेकदा येतो आणि तेव्हा बाकावरून एकच आरोळी ऐकू येते: "त्याला दे, त्याला दे!" त्या 'त्याला' दोघांनी आधीच घेरलेलं असतं. जे मुलांच्या संघांना शिकवतात त्यांना माझी विनंती एवढीच आहे की आठवड्यातून एकदा सरावाची शेवटची दहा मिनिटं बरोबरीला द्या. घड्याळ कधी आठ सेकंदांवर लावा, कधी दोनवर. फाउल शिल्लक आहे असं धरा, मग नाही असं धरा. चेंडू आत टाकायचं काम संघातल्या सगळ्यात चांगल्या पास देणाऱ्याला द्या, ते मानाचं काम आहे हे त्याला सरावातच सांगा, आणि चेंडू टाकून झाल्यावर त्याला उभं राहू देऊ नका, धावायला लावा.